सत्तावीस नवरदेवांची फियाट

रविवार, १० मे १९९२

आज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आमची फियाट गेली. वेळ मांडवातल्या फोटोग्राफरच्या घड्याळातली आहे. मी स्वतः तेव्हा पानावर बसलो होतो आणि आवाज ऐकून हात पुसून घड्याळ पाहीपर्यंत एक-बारा झाले होते.

हकीकत अशी. चिरनेरच्या शिवा घरतच्या मुलाचं, दीपेशचं लग्न. मुलगी उलव्याची, लग्न तिच्या दारात. नवरदेव माझ्या गाडीतून जायचा हे फाल्गुनातच ठरलेलं. शिवाच्या भावकीतल्या मुलींनी बॉनेटवर झेंडूच्या माळा बांधल्या. वायपरला बांधू नका असं दोनदा सांगितलं, तरी बांधल्याच. नवरदेव मुहूर्ताच्या पस्तीस मिनिटं आधी पोचवला. गाडी मांडवापासून साठ पावलांवर चिंचेखाली उभी केली. पहिला गिअर, हँडब्रेक, शिवाय मागच्या डाव्या चाकाला दगड.

वरच्या चढावर खडीचा डंपर उभा होता. त्याचा ड्रायव्हर मुलीकडचा पाहुणा, तोही पंगतीत. डंपरला दगड लावलेला नव्हता.

आधी डंपर, मग फियाट, मग चिंच. मध्ये फियाट.

कोणालाही खरचटलंसुद्धा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. नवरीला सासरी न्यायला टेम्पो आणला. ती बिचारी टेम्पोत चढताना मलाच म्हणाली, "काका, वाईट वाटून नका घेऊ." मी म्हटलं, "फुल इन्शुरन्स आहे." अडतीस हजारांचा. तीन मार्चला नूतनीकरण केलेलं आहे, पावती फाइलमध्ये.

मंगळवार, १२ मे

सांगाडा ट्रॅक्टरने ओढून आमच्या वर्कशॉपच्या आवारात आणला. पनवेलात मोटार रिवाइंडिंगची तीन दुकानं आहेत, त्यातलं सगळ्यात जुनं माझं. त्यामुळे दुपारपर्यंत निम्मं पनवेल बघून गेलं. प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: "कर्णिक, माणसं वाचली ना." माणसं गाडीत नव्हतीच, हे मी आज एकोणीस जणांना समजावलं.

चार वाजता विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. अविनाश नाव, ठाण्याचा, सडपातळ, पेन्सिल कानावर. मला वाटलं दहा मिनिटांत उरकेल. तो दोन तास वीस मिनिटं होता. गाडीखाली आडवा होऊन म्हणाला, "हे बुश कोणी बनवलं?"

"मी."

"बाहेरून करून घेतलं म्हणजे?"

"मी म्हणजे मी. मागे लेथ आहे, बघून या."

बघून आला. परत खाली शिरला. गिअरबॉक्स तीनदा पाहिला, दोनदा चहा मागितला, गाडीची वही मागून घेतली आणि उभ्याउभ्या चाळीसेक पानं वाचली. लिहून मात्र घेतलं जेमतेम पाऊण पान. माणसाला किंमत पाडायची असली की तो असाच वेळ काढतो. जाताना म्हणाला, "टोटल लॉस दाखवावा लागेल, काका." काका कशाला म्हणायचं ते कळलं नाही. मी त्रेपन्न वर्षांचा आहे.

गुरुवार, ४ जून

पत्र आलं. सोळा हजार चारशे.

इंग्रजी मला येतं. अकरावी नापास झाल्यावर शब्दकोश आणि फियाटचं सर्व्हिस मॅन्युअल शेजारी ठेवून शिकलो. पण या पत्रातल्या एका शब्दासाठी आज परत कोश काढावा लागला. अर्थ: मोडकळीस आलेले, पडीक. 'वाहनाचे वय पंचवीस वर्षे, सर्वसाधारण स्थिती' आणि मग तो शब्द.

मोडकळीस? सत्त्याहत्तर साली पेणच्या एका डॉक्टरांच्या गोठ्यातून ही गाडी मी चार खोक्यांत भरून आणली. चौदा महिने रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बसून जोडली. कोणी शिकवायला नव्हतं. त्यानंतर तेरा वर्षांत ती रस्त्यात एकदा बंद पडली, आणि तेव्हाही चूक पेट्रोलवाल्याची होती.

मला दोन गोष्टी पाहिजेत. अडतीस हजार, कारण त्याहून कमीत चालू स्थितीतली फियाट मिळत नाही. आणि तो शब्द मागे घेतलेला पाहिजे. बायकोला, कुमुदला म्हटलं तर ती म्हणाली, "आधी अडतीस हजार मागा. शब्दाचं नंतर बघू."

रविवार, ७ जून

तीन दिवस बसून उत्तर तयार केलं. चौदा पानं. पहिल्या चारांत गाडीचा पूर्वेतिहास, नंतर सुट्या भागांची यादी, शेवटी घसारा कसा धरावा याविषयी माझी स्वतःची पद्धत, उदाहरणांसह. कुमुद कोर्टाजवळच्या वकिलांकडे वीस वर्षं टायपिस्ट आहे. मी सांगत गेलो, तिने लघुलिपीत घेतलं. मध्ये दोनदा तिचा हात थांबला होता असं वाटलं, पण ती म्हणाली, "चालू द्या, लक्षात राहतंय."

उद्या ऑफिसात टाइप करून परस्पर टपालात टाकणार आहे.

सोमवार, ८ जून

पत्र गेलं. चौदा पानं एका साध्या तिकिटात कशी गेली, हे विचारलं. कागद पातळ होता म्हणाली.

सोमवार, १५ जून

कंपनीच्या मॅनेजरसाहेबांनी बोलावलं होतं. जाडसर, शांत माणूस. खुर्ची दिली. म्हणाले, "तुमचं पत्र आवडलं, कर्णिक. एका पानात सगळं आलंय. अशी पत्रं येत नाहीत हो आमच्याकडे."

म्हणजे साहेबांनी पहिलंच पान वाचलं. सरकारी माणसाकडून याहून जास्त अपेक्षा नव्हती. मी दाखवून दिलं नाही.

"गाडी उत्तम ठेवलेली होती म्हणता, त्याला पुरावा?" असं विचारल्याबरोबर मी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. दोनशे बारा पानं. प्रत्येक वंगण, प्रत्येक नट, प्रत्येक प्रवास, किलोमीटर, कोण बसलं होतं, शेरा. साहेबांनी बरीच पानं उलटली. म्हणाले, "सगळं लिहिलंय तुम्ही."

"सगळं," मी म्हटलं.

वही साहेबांनी ठेवून घेतली. जिना उतरताना मी शीळ घालत होतो. नोंद करतो, कारण हे माझ्याकडून क्वचित होतं.

मंगळवार, ३० जून

वही उलटली.

पत्राचा मतलब असा: गाडीचा विमा फक्त खासगी वापरासाठी होता. 'आपल्याच नोंदवहीवरून दिसते की सदर वाहन सत्तावीस प्रसंगी मोबदला घेऊन विवाहसमारंभासाठी वापरण्यात आले.' तसं सिद्ध झालं तर दावा पूर्ण फेटाळणार. सोळा हजार चारशेसुद्धा नाहीत.

सत्तावीस हा आकडा बरोबर आहे. त्यांनी नीट मोजलेत. त्यांनी 'मोबदला' म्हटलंय तो माझ्या शेऱ्याच्या रकान्यातून उचलला आहे. 'नवरदेव: दादू म्हात्रे यांचा मुलगा. अंतर ३८ कि.मी. मिळाले: नारळ, टॉवेल, टोपी.' असं सत्तावीस वेळा.

आता मांडवात गाडीवाल्याला टॉवेल-टोपी देतात, नारळ देतात. घेतलं नाही तर यजमान रुसतो. मिळालं ते मी लिहिलं. माझ्या हाताने, शाईने, तारखेसकट.

शुक्रवार, ३ जुलै

मॅनेजरसाहेबांना भेटलो. वाईट माणूस नाही. दार लोटून हळू आवाजात म्हणाले, "कर्णिक, एक करा. वहीतल्या नोंदी आठवणीवरून, अंदाजे केलेल्या आहेत, असं दोन ओळीत लिहून द्या. मग तिला पुरावा म्हणून किंमत राहत नाही. तुमच्या बाजूने नाही, विरुद्धही नाही. तेवीस-चोवीस हजारांपर्यंत मी करून देतो."

मी म्हटलं, "नोंदी अंदाजे नाहीत."

"मला माहीत आहे हो."

"मग खोटं कसं लिहू?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तर मग चौकशीला माणूस पाठवावा लागेल. गावात."

मी म्हटलं, जरूर पाठवा.

घरी येऊन कुमुदला सांगितलं. ती फक्त "बरं" म्हणाली. तिलाही पटलं असावं.

रविवार, ५ जुलै

एसटीने चिरनेरला गेलो. तेरा वर्षांत पहिल्यांदा एसटीने. शिवाच्या ओटीवर दादू म्हात्रे, काशीराम, असे चार-पाच जण जमले. या सगळ्यांच्या मुलांना मीच मांडवात नेलेलं आहे. शिवाची आई जनी आत तांदूळ निवडत होती.

भाड्याचा विषय मी उघड काढला नाही. टॉवेल-टोपीबद्दल या लोकांशी बोलायचं म्हणजे त्यांनी दिलेलं मोजल्यासारखं होतं. मी एवढंच सांगितलं की कंपनीचा माणूस येईल, गाडीबद्दल विचारील, तर नीट सांगा. "आपल्या गाडीचा मान राहील असं बोला."

दादू म्हणाला, "भाऊ, तुमी काय काळजी करू नको. असा मान राखतो का बघत राहील तो."

काशीराम म्हणाला, "मी पन हाय."

निश्चिंत होऊन परत आलो. बरोबर शिवाने काकड्या दिल्या. (सहा.)

शुक्रवार, १० जुलै

मान राखला.

आज साहेबांनी चौकशीचा अहवाल वाचून दाखवला. त्यांचा माणूस बुधवारी चिरनेरला गेला. इस्त्रीचा शर्ट, हातात ब्रीफकेस. पारावर बसून त्याने दादूला विचारलं, नवरदेवाच्या गाडीला काय दिलंत? आता दादूच्या मुलाचं लग्न म्हणजे पंचक्रोशीत गाजलेलं. परक्या माणसासमोर नारळ आणि टॉवेल-टोपी सांगायची त्याला लाज वाटली असणार. तो म्हणाला, "पाचशे एक दिले. मोजून."

शेजारी काशीराम. त्याचं आणि दादूचं बांधावरून पटत नाही. तो म्हणाला, "आमी सातशे एक."

मग दादू म्हणाला, वर धोतरजोडी होती, ती सांगायची राहिली. काशीराम म्हणाला, आमची जरीची होती. असं करत करत अहवालात एकंदर सात घरांचे जबाब आहेत, आणि शेवटच्या माणसाने मला अर्धा तोळा सोनं दिलेलं आहे. त्या माणसाच्या घरी अजून लग्नच झालेलं नाही.

साहेब म्हणाले, "वीस तारखेला शेवटची सुनावणी. काही सांगायचं असेल तर तेव्हा." आणि वर, "धोतरं नेसता का तुम्ही?"

शनिवार, ११ जुलै

माझीच चूक आहे, हे इथे लिहून ठेवतो. काय विचारणार आहेत ते मी त्यांना सरळ सांगायला हवं होतं. संकोच मी केला. आता परत जाऊन 'तुम्ही कमी दिलं होतं असं सांगा' म्हणायचं, तर दादूला साऱ्या गावासमोर मान खाली घालावी लागेल. ते मी करणार नाही. दावा गेला तर गेला.

कुमुदला हे सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही नका जाऊ."

शनिवार, १८ जुलै

विशेष काही नाही. एक पाच अश्वशक्तीची मोटार जळून आली, भातगिरणीची. कुमुद सकाळच्या एसटीने उरणकडे कोणा मैत्रिणीला भेटायला गेली होती. संध्याकाळी आली ती करंदीचं सुकट घेऊन. ताजं होतं. मैत्रिणीचं नाव विचारलं तर म्हणाली, तुम्ही ओळखत नाही.

सोमवार, २० जुलै

आजचं सविस्तर लिहितो.

अकरा वाजता कंपनीत पोचलो. सर्व्हेअर अविनाश आधीच येऊन बसला होता, हातात माझी वही. मी त्याच्याशी बोललो नाही. साहेबांनी विचारलं, काही नवीन सांगायचंय? मी म्हटलं, वहीत आहे ते खरं, गावाने सांगितलं ते प्रेमाने सांगितलं. याहून जास्त नाही.

तेवढ्यात दार ढकलून जनी आत आली. सत्तरीची बाई, काष्टा, हातात छत्री. तिच्या मागे दादू आणि काशीराम, दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवलेली. यांना तारीख कशी कळली देव जाणे. मी सांगितली नव्हती.

जनी साहेबांना म्हणाली, "इन्शुरनचा मोठा सायेब तू का?"

"हो आजी. बसा."

"बसाया नाय आलो. दादू, बोल."

दादूने टोपी काढली, परत घातली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "पाचशे एक नाय दिले."

"मग किती दिले?"

"एक नारळ. टॉवेल-टोपी."

"धोतरजोडी?"

"नाय."

काशीराम घाईने म्हणाला, "आमचापन नारलच." आणि अजून खालच्या आवाजात, "जरी नाय."

साहेब म्हणाले, "पण आजी, टॉवेल-टोपी झाली तरी वस्तूच की. गाडी आणल्याबद्दल दिलीत ना? मग तो मोबदलाच होतो."

जनीने छत्री टेबलावर ठेवली. साहेबांच्या कागदांवर थेंब पडले. "सायेब, तुजं गाव कंचं?"

"साताऱ्याकडचं."

"तितं लगनात टॉवेल-टोपी कोणाला देतात?"

"पाहुण्यांना. सोयऱ्यांना. मानाच्या माणसांना."

"बँडवाल्याला?"

"त्याला पैसे."

"मंडपवाल्याला?"

"पैसे."

"उरनला भाड्याची जीप मिलते. डायवरला आमी पैसं देतो नि जेवाया घालतो. टोपी नाय घालत. त्याला टोपी घातली तर तोच हसंल." मग माझ्याकडे बोट केलं. "याला पैसं दिलं असतं तर यो परत आमच्या दारात आला नसता. याला टोपी देतात. म्हनजे यो भाड्याचा नाय. एवडं शिकून तुला कलत नाय?"

साहेबांनी कागदांवरचे थेंब रुमालाने टिपले. मग म्हणाले, "माझ्या लग्नात मामांच्या जीपमधून गेलो होतो मी." असं का सांगितलं कळलं नाही, पण त्यांनी चौकशीचा अहवाल उचलून फाइलच्या अगदी तळाशी घातला.

अविनाश खुर्चीतून उठला. त्याने वही उघडून पुढे केली. "सर, सत्तावीस प्रसंग. पेट्रोलचा खर्च दर वेळी याच रकान्यात आहे, त्यांच्या स्वतःच्या खिशातला. धंदा करणारा माणूस असा धंदा करत नाही." माझ्या वहीतला पेट्रोलचा रकाना मलाच सुचला नव्हता. याची नोंद करणं भाग आहे.

खाली आल्यावर सगळ्यांना कोकम सरबत पाजलं. दादू आणि काशीराम वेगवेगळ्या बाकांवर बसले. जनी मला म्हणाली, "तुजी बायको हुशार हाय रं."

मी म्हटलं, हो, टायपिंग उत्तम आहे तिचं.

शनिवार, ८ ऑगस्ट

नवं पत्र. तेहतीस हजार पाचशे. सांगाडा कंपनी नेणार. सोबत सही करायचं व्हाउचर.

अडतीसला साडेचार हजार कमी. ग्राहक मंचाकडे जावं का, याचा विचार करतोय. कुमुद म्हणाली, "कळंबोलीच्या एका गृहस्थांची फियाट विकाऊ आहे, बत्तीसला. मी बोलून ठेवलंय."

व्हाउचरवर छापलंय की ही रक्कम मिळून माझं पूर्ण व अंतिम समाधान झालेलं आहे. छापील मजकूर असला म्हणून काय झालं, खाली सही माझी आहे. झालंय का समाधान? हिशोब केला. तेहतीस हजार पाचशे भागिले अडतीस हजार. अठ्ठ्याऐंशी पूर्णांक सोळा टक्के.

मंगळवार, ११ ऑगस्ट

व्हाउचरवर सहीच्या शेजारी '८८.१६ टक्के समाधान' असं लिहून साहेबांना दिलं.

साहेबांनी ते वाचलं. कपाळाला हात लावून बसले. "कर्णिक, असा चेक निघत नाही. हे पूर्ण लागतं."

"उरलेलं नाहीये, साहेब. कुठून आणू?"

"काय पाहिजे तुम्हाला?"

मी सांगितलं. चार जूनच्या पत्रातला तो शब्द. गाडी मोडकळीस आलेली नव्हती.

ते म्हणाले, "तो शब्द आमच्या तक्त्यातला आहे. वीस वर्षांवरच्या प्रत्येक गाडीला तोच पडतो, कोणी बघतही नाही." मग फाइल उघडून पानं मागे उलटली आणि एक कागद माझ्याकडे फिरवला. "गाडी बघून लिहिलेलं हे आहे. बारा मे."

अविनाशचा अहवाल. पाऊण पान. माझ्यासमोर वर्कशॉपात लिहिलेलं तेच. इंग्रजी वाक्याचा अर्थ असा: चौदा वर्षांच्या नोकरीत इतक्या काळजीने ठेवलेले वाहन मी पाहिलेले नाही, काही भाग मालकाने स्वतः बनवले असून ते कारखान्याच्या भागांहून सरस आहेत, विम्याची पूर्ण रक्कम द्यावी अशी शिफारस.

दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा. साहेबांना विचारून त्याची नक्कल करून घेतली, वहीही परत घेतली. ती वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवली आहे. साहेब खिडकीबाहेर बघत थांबले होते.

मी म्हटलं, "कोरं व्हाउचर द्या."

पूर्ण सही केली. अकरा पूर्णांक चौऱ्याऐंशी टक्के भरून निघाले, थोडे वर उरलेसुद्धा.

त्या अहवालात एक चूक आहे. गाडीचा रंग पांढरा असं लिहिलंय. तो पांढरा नव्हता, हस्तिदंती होता. मी दोन हात मारले होते, मला माहीत आहे.

ही चूक मी कोणाला दाखवली नाही.